कुठे पाणी मुरतं

आलेंतेझुत झाडांना आकडे असतात.
बुचाच्या ओकाची साल काढली
की उघड्या, लालसर खोडावर
पांढऱ्या रंगाने वर्षाचा शेवटचा आकडा.
यंदाचा सहा.
मग नऊ वर्षं कुऱ्हाड लावायची नाही.
लावली तर झाड लगेच मरत नाही,
पण गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

मी झुल्मिरा. काटा माझ्याकडे असतो.
ट्रक येतो, उभा राहतो, मी वाचते:
भरलेला, रिकामा, वजाबाकी.
बत्तीस वर्षांत काट्यावरून कोणी भांडलं नाही.
भांडण झालं ते पाण्यावरून.

बेल्मिरूचा माल जुलैत निघाला,
माझ्या अंगणात रचला.
सप्टेंबरच्या शेवटी दोन रात्री पाऊस.
उत्तरेतल्या कारखान्याचा तेओदोझियू म्हणाला,
मी साल विकत घेतोय, आभाळ नाही.
वीस टक्के कापणार.
बेल्मिरू म्हणाला, आजोबांपासून चौदाच कापतात.
करारात एकच ओळ होती:
ओलाव्याची वजावट रिवाजाप्रमाणे.
रिवाज दोघांनाही पाठ होता,
फक्त दोघांचा वेगळा.

गावाला वाटायचं, यात कुठेतरी पाणी मुरतंय.
मुरतच होतं.
किती, एवढाच प्रश्न होता.

मग पत्रं.
आधी प्रिय मित्रा, मग महोदय,
मग वकिलाच्या कागदावर नुसतं: पक्षकार.
मायना सुकत गेला, साल ओलीच.
एव्होराच्या कोर्टात पुढच्या फेब्रुवारीची तारीख.
शहाण्याने ती पायरी चढू नये;
हे दोघे तसे शहाणेच,
पण दुसरा आधी चढेल या धास्तीने
दोघेही धावत सुटलेले.
इकडे ढिगाच्या तळाला पिवळा डाग धरू लागला.
अंगणाचं भाडं कोणी द्यायचं,
हे आता दुसरं भांडण.

मी न्यायाधीश नाही.
मला फक्त तो ढीग रोज दिसायचा.
एका सोमवारी दोघांना फोन केला,
दोघांना सांगितलं, दुसरा येतोय.
पहिल्याला सांगताना ते खोटं होतं,
दुसऱ्याला सांगेपर्यंत खरं झालं.

एक फळी काढायची ठरली.
कुठली, यात अर्धा तास.
शेवटी थर बेल्मिरूने निवडला, फळी तेओदोझियूने.
दोन हजार चारशे ग्रॅम.
दोघांनी वाकून वाचलं,
माझ्यावर विश्वास नाही असं नाही म्हणत.
मग पाव निघाल्यावर एउलालियाच्या भट्टीत,
विझत्या उबेत, रात्रभर.
दाराला दोन कुलपं, एक याचं, एक त्याचं.
एउलालिया म्हणाली,
पावाला बुचाचा वास आला तर तिसरा वकील माझा.

सकाळी: एक हजार नऊशे छप्पन्न.
साडेअठरा टक्के.
कोणीच हरलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं होतं.
बेल्मिरू हरला.
पण माणसासमोर नाही, भट्टीसमोर;
ते जरा सोपं जातं.
बराच वेळ तो फळी नुसती हातात धरून होता,
हलकी झाली का बघत.

पिठाने माखलेल्या टेबलावर पुढचा करार.
रिवाज हा शब्द खोडला.
त्या जागी: थर कोणी निवडायचा, फळी कोणी,
कोणाची भट्टी, किती तास.
आणि पटलं नाही तर पत्र नाही,
पंधरा दिवसांच्या आत येऊन समोर बसायचं,
या टेबलाशी किंवा दुसऱ्या,
पण समोर.
एवढं ते भांडण संपल्यावर लिहू शकले.
आधी लिहायला दहा मिनिटं लागली असती,
पण आधी दोघांचं फार छान जमायचं.

नऊ वर्षांनी, तेओदोझियू म्हणाला,
मी ऐंशीचा असेन. समोर कोण बसणार?
पेन थांबलं.
मग बेल्मिरूनेच लिहिलं: किंवा वारस.
अक्षर वाईट, पण वाचता येतं.

एकत्र जेवले नाहीत.
सुकी फळी मधोमध कापून
आपापला अर्धा घेऊन गेले.
पुढचा आकडा पाच.

अंगणाचं भाडं अजून येणं आहे.
ते कुठल्याच कागदात नव्हतं.